गरोदरपणातल्या गोळ्या: सगळ्या डब्यांची बेरीज कुणी करतं का?

बेरीजवजाबाकी

आधीच सांगतो, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोह-फॉलिकच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीविरुद्ध हा धागा नाही. ती घ्यायचीच. प्रश्न त्या गोळीच्या शेजारी हळूहळू जमा होत जाणाऱ्या बाकीच्या डब्यांचा आहे. केसांसाठी एक, हाडांसाठी एक, बाळाच्या मेंदूसाठी म्हणून तेलाची एक बाटली, वर प्रोटीनची पावडर. यातला एकेक डबा सुटा पाहिला तर कशातच खोट नाही. पण सगळ्यांच्या पाठीवरचं बारीक अक्षर एका कागदावर उतरवलं की गंमत कळते.

आकडे काल्पनिक घेतो, पण लेबलांवर सहज सापडतील असेच. व्हिटॅमिन ए: मल्टीव्हिटॅमिनमध्ये ५००० युनिट, म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम. कॉड लिव्हर तेल एक चमचा, १३५० मायक्रोग्रॅम. पावडर दिवसातून दोनदा, दर वेळी ३००, म्हणजे ६००. झाले ३४५०. गरोदर स्त्रीसाठी रेटिनॉलची, म्हणजे तयार व्हिटॅमिन ए ची, वरची मर्यादा ३००० धरतात. एकाही डब्याने मर्यादा ओलांडलेली नाही आणि बेरजेने ओलांडली!

व्हिटॅमिन डी: मल्टीव्हिटॅमिन ४०० युनिट, कॅल्शियमच्या दोन गोळ्यांतून १०००, तेलातून ४५०, पावडरीतून ४००. एकूण २२५०. मर्यादा ४०००, म्हणजे इथे ठीक दिसतंय.

तर जाणकारांना विचारायचंय की कुठल्या घटकाची बेरीज खरोखर काळजी करण्यासारखी असते आणि कुठल्याची केली नाही तरी चालते?

पाणीदार

नावाला जागलात. वाचतोय.

तिसरा_आठवडा

ए पासूनच सुरुवात करू, कारण या यादीतला सगळ्यात धोक्याचा घटक तोच, आणि त्याची वेळही सगळ्यात अडचणीची.

गर्भाच्या पेशींनी कुठे जायचं आणि काय व्हायचं, हे ठरवणाऱ्या जनुकांना रेटिनॉलपासून शरीरात बनणारं रेटिनॉइक ॲसिड चालू-बंद करतं. ते कुठे कमी, कुठे जास्त, हाच मुळात संदेश असतो. बाहेरून भरमसाठ रेटिनॉल आलं की तो चढउतार पुसला जातो. फटका बसतो तो चेहरा, कान, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, मेंदू आणि थायमस यांना, कारण यांच्यासाठी लागणाऱ्या पेशी मज्जातंतूच्या नलिकेच्या (जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) कडेवरून निघून प्रवास करत तिथे पोचतात. हे सगळं पहिल्या काही आठवड्यांत घडतं. बऱ्याच जणींना तेव्हा आपण गरोदर आहोत हेच ठाऊक नसतं. त्यामुळे 'कळल्यावर बंद करू' हा हिशेब ए च्या बाबतीत उशिराचा ठरू शकतो. मूल हवं असं ठरवलं त्या दिवशीच डबे तपासायचे.

१९९५ साली २२ हजारांहून जास्त गरोदर स्त्रियांची माहिती घेऊन केलेला एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. पूरक गोळ्यांतून रोज १०,००० युनिटपेक्षा जास्त तयार व्हिटॅमिन ए घेणाऱ्या गटात साधारण ५७ बाळांमागे एकाला त्यामुळे व्यंग आल्याचा अंदाज त्यात होता, आणि सातव्या आठवड्याच्या आधी घेणाऱ्यांमध्ये ते प्रमाण एकवटलेलं होतं. त्या आकड्यावर पुढे बराच वाद झाला. धोक्याची रेषा १०,००० च्या बरीच वर असावी, असं म्हणणारेही आहेत. ती नेमकी कुठे हे माणसांवर प्रयोग करून शोधता येत नाही, म्हणून मर्यादा १०,००० युनिट, म्हणजेच ३००० मायक्रोग्रॅम.

आता लेबल कसं वाचायचं. 'रेटिनॉल', 'रेटिनिल पाल्मिटेट' किंवा 'रेटिनिल ॲसिटेट' लिहिलं असेल तर ते बेरजेत धरायचं. 'बीटा कॅरोटीन' असेल तर या बेरजेत धरायचं नाही. शरीर त्यातून गरजेपुरतंच ए बनवतं आणि त्याने जन्मजात व्यंग होत नाही. काही लेबलांवर 'व्हिटॅमिन ए, पैकी ५० टक्के बीटा कॅरोटीन म्हणून' असं असतं. तिथे उरलेला निम्माच धरा. युनिटचे मायक्रोग्रॅम करायला ३.३३ ने भागायचं.

आणि तेल. माशाचं तेल आणि माशाच्या यकृताचं तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ओमेगा-३ हवं असेल तर पहिलं. दुसऱ्यात ए आणि डी दोन्ही ठासून भरलेलं असतं. बेरीजवजाबाकी, तुमच्या यादीतलं तेल दुसऱ्या जातीचं आहे.

जाऊ_द्या_ना

ए चं मान्य. पण बी आणि सी तर पाण्यात विरघळतात, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. त्यांची कसली बेरीज करायची? असे धागे वाचून उद्या कुणी घाबरून फॉलिक ॲसिडही बंद करेल. जास्त घेतल्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा न घेतल्याने होणारं नुकसान कितीतरी मोठं आहे, हे कुणी बोलत नाही.

गंजका_खिळा

फॉलिकपासून पुढे सगळ्याला +१. बी आणि सी च्या वाक्याला -१.

काउंटरपलीकडे

@जाऊ_द्या_ना, 'लघवीवाटे जातं' हे बी२ ला लागू आहे. मल्टीव्हिटॅमिन घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ती त्याच्यामुळे. त्या रंगावरून 'गोळी लागू पडतेय' असं समजणारेही असतात, पण रंगाचा अर्थ एवढाच की जास्तीचं बी२ बाहेर पडलं.

बी६ मात्र तसं नाही. गरोदरपणातली रोजची गरज १.९ मिग्रॅ. मळमळ-उलट्यांसाठी डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिनची (म्हणजे बी६ ची) जी जोडगोळी देतात, तिच्या साध्या प्रकारात प्रत्येकी १० मिग्रॅ असतं आणि दिवसाला चारपर्यंत गोळ्या दिल्या जातात. हे झाले ४० मिग्रॅ, पण ते औषध म्हणून आणि डॉक्टरच्या नजरेखाली. त्यात मल्टीव्हिटॅमिनमधलं थोडं. मग हातापायाला मुंग्या येतात म्हणून कुणीतरी 'नसांची गोळी' सुचवतं. अशा काही गोळ्यांत एकट्या बी६ चेच १०० मिग्रॅ असतात.

महिनोन्‌महिने जास्त घेतलेल्या बी६ मुळे नेमकं काय होतं? संवेदना वाहून नेणाऱ्या नसांना इजा होऊन हातापायाला मुंग्या. म्हणजे ज्या तक्रारीवर गोळी घेतली तीच तक्रार गोळी वाढवते. त्यातून गरोदरपणात मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येणं तसंही सर्रास असतं, त्यामुळे गोळीवर कुणाला संशयच येत नाही. अमेरिकेची जुनी मर्यादा १०० मिग्रॅ, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मर्यादा १२ मिग्रॅवर आणली. दोन्हींत इतकी तफावत आहे, यावरूनच 'कितीही चालतं' हे खरं नाही एवढं तरी कळतं. मळमळीची गोळी कुणी परस्पर बंद करू नका, पण तिच्यात बी६ आहे हे बेरजेत लिहा.

सी बद्दल: रक्तदाब वाढून होणारी प्रीएक्लॅम्प्सिया टळेल या आशेने रोज १००० मिग्रॅ सी आणि ४०० युनिट ई देऊन मोठी चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल आला. प्रीएक्लॅम्प्सिया टळली नाही. उलट कमी वजनाची बाळं त्या गटात थोडी जास्तच होती, २४ ऐवजी २८ टक्के. नंतरच्या चाचण्यांतही फायदा दिसला नाही. त्या कामासाठी सी-ई देऊ नका, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते.

जाऊ_द्या_ना

बी६ चं पटलं. पण घाबरवण्याचा मुद्दा मी सोडत नाही.

तिसरा_आठवडा

सोडूही नका. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. मज्जातंतूची नलिका नीट मिटायला ते लागतं, आणि ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. हे एक सोडून बाकी सगळे डबे फेकले तरी चालेल, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. (लोहाचं गंजका_खिळा सांगतीलच, नाहीतर ते माझ्यावर धावून येतील.)

गंजका_खिळा

धावून आलोच!

लोहाच्या बाबतीत निम्मा घोळ डब्यावर छापलेल्या आकड्याचा आहे. गोळीत लोह क्षाराच्या रूपात असतं आणि वजन पुष्कळदा अख्ख्या क्षाराचं छापतात. शरीराच्या कामाचं ते 'मूलद्रव्य लोह'. साध्या फेरस सल्फेटमध्ये ते सुमारे २० टक्के, सुकवलेल्या सल्फेटमध्ये ३० च्या वर, फ्यूमरेटमध्ये ३३ आणि ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२. त्यामुळे ३०० मिग्रॅ ग्लुकोनेटची गोळी ३६ मिग्रॅची आणि ३०० मिग्रॅ फ्यूमरेटची जवळजवळ १०० ची. आकडा तोच, लोह पावणेतीनपट.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रोज ३० ते ६० मिग्रॅ मूलद्रव्य लोह. आता कुणीतरी विचारणार की अमेरिकी तक्त्यात वरची मर्यादा ४५ आहे, मग ६० कसं चालतं? ती ४५ ची रेषा पोटाच्या त्रासावरून ठरवलेली आहे, म्हणजे मळमळ, बद्धकोष्ठ, पोटात जळजळ. देखरेखीखाली उपचार म्हणून घेतलेल्या लोहाला ती लागू नाही. रक्तक्षय असेल तर ६० च्या वरही देतात.

चूक होते ती पुढे. हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून आपल्याच मनाने एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन गोळ्या. ६० मिग्रॅच्या आसपास लोह पोटात गेलं की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि सुमारे २४ तास आतड्याचं दार अर्धं लोटून ठेवतं. सकाळी एक, संध्याकाळी एक घेतली तर संध्याकाळचीतलं फारच थोडं आत जातं, उरलेलं मोठ्या आतड्यात जाऊन बद्धकोष्ठ करतं. दिवसाआड गोळी देण्याची कल्पना यातूनच आली. (त्यामागचे गाजलेले प्रयोग गरोदर नसलेल्या स्त्रियांवरचे आहेत, तेव्हा आपलं वेळापत्रक डॉक्टरला विचारूनच बदलायचं.)

आणि वाढत नाही म्हणजे लोहच कमी आहे, असंही नाही. दुसऱ्या तिमाहीत रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळे आकडा आपोआप उतरतो. म्हणूनच रक्तक्षयाची रेषा पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत ११, दुसरीत १०.५ धरतात. थॅलेसेमियाची वाहक असेल तर लाल पेशी लहान आणि हिमोग्लोबिन कमी, पण लोहाचा साठा भरलेला असू शकतो. तिथे फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) न बघता लोह ओतत राहणं म्हणजे भरल्या टाकीचा नळ चालू ठेवणं.

काळी शौच होणं नेहमीचं आहे. पण डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल तर ते लोह नव्हे, रक्त असू शकतं. लगेच दाखवा.

ढब्बू_पैसा

म्हणजे ३२५ लिहिलेली गोळी १०० लिहिलेलीपेक्षा ताकदवान नाही?

गंजका_खिळा

३२५ फेरस सल्फेट असेल तर आत ६५. आणि १०० च्या पुढे 'मूलद्रव्य लोह' असं लिहिलं असेल तर आत १००. त्यामुळे उलटंच.

ढब्बू_पैसा

लेबल छापणाऱ्यांना एकदा गणिताच्या पेपरला बसवा.

काउंटरपलीकडे

लोहाबद्दल एक राहिलं, आणि ते आईबद्दल नाही. घरात आधीचं लहान मूल असेल तर ही गोळी सगळ्या डब्यांत धोकादायक. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिग्रॅ मूलद्रव्य लोहापासून विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, ६० च्या पुढे जिवावर बेतू शकतं. १० किलोच्या मुलाला ६० मिग्रॅच्या दहा गोळ्या म्हणजे ती रेषा. लाल, गुळगुळीत, वरून गोड आवरण असलेल्या दहा गोळ्या. उलट्या होऊन काही तासांनी मूल बरं दिसायला लागतं, तेव्हा 'आता ठीक आहे' म्हणून थांबायचं नाही. यकृताला इजा त्यानंतर सुरू होते. बाटली उंचावर आणि झाकण लावून.

अर्धा_ग्लास

कॅल्शियम आणि डी वर मी लिहितो. बेरीजवजाबाकी, तुमचे २२५० दिसायला ठीक आहेत, पण एक रकाना राहिला. डी साठी आठवड्याला एक अशी ६०,००० युनिटची मात्रा चालू असेल तर तिला सातने भागून बेरजेत घ्यायला हवं. ८५७१ दिवसाचे. तुमच्या २२५० मध्ये मिळवले की १०,८२१. कमतरता निघाली म्हणून ठरावीक आठवड्यांपुरतं हे लिहून दिलेलं असेल तर तो उपचार आहे. पण कोर्स संपल्यावर थांबायला कुणी सांगितलंच नाही म्हणून चालूच राहिला, किंवा आठवड्याची गोळी रोज घेतली गेली, तर तो अपघात. दुसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात आणि हात त्याच सवयीने पाकिटाकडे जातो. पाकिटावर वार लिहून ठेवा. थेंबांचंही तसंच. एका बाटलीत ४०० युनिट एका थेंबात असतात, दुसरीत तेच ४०० एका मिलीलिटरमध्ये. बाटली बदलली की मात्रा पुन्हा वाचायची.

डी जास्त झाल्याचं कळतं कसं? तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, थकवा. आता ही यादी गरोदरपणाच्या कुठल्याही पुस्तकातल्या 'नेहमीच्या तक्रारीं'शी ताडून पाहा. जवळजवळ तीच! म्हणूनच शंका असेल तर रक्तातलं कॅल्शियम तपासायचं, लक्षणांवर अंदाज बांधत बसायचं नाही. आईच्या रक्तात कॅल्शियम बराच काळ चढलेलं राहिलं तर बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी दबून जातात. जन्मल्यावर आईकडचा पुरवठा तुटतो, बाळाचं कॅल्शियम कोसळतं आणि झटके येऊ शकतात. डी चरबीत साठतं, त्यामुळे आज बंद केलं आणि उद्या पातळी खाली आली असं होत नाही. आठवडे लागतात.

कॅल्शियमची मर्यादा अन्न धरून २५०० मिग्रॅ. इथेही गंजक्यांनी सांगितलेला क्षाराचा हिशेब: कार्बोनेटमध्ये ४० टक्के, सिट्रेटमध्ये २१. '१२५० कार्बोनेट' म्हणजे ५०० मिग्रॅ कॅल्शियम. एका वेळी ५०० च्या वर घेऊन उपयोग नाही, शोषणाचं प्रमाण घटतं. कार्बोनेट जेवणाबरोबर, सिट्रेट केव्हाही.

सगळ्यात दुर्लक्षित बेरीज आम्लपित्ताच्या चघळायच्या गोळ्यांची. शेवटच्या महिन्यांत जळजळ वाढते, गोळ्या टॉफीसारख्या चघळल्या जातात आणि त्यातल्या पुष्कळ म्हणजे निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियम अधिक अल्कली यातून रक्तात कॅल्शियम चढणं, रक्त अल्कधर्मी होणं आणि मूत्रपिंडाला इजा असं त्रिकूट तयार होतं, त्याला मिल्क-अल्कली सिंड्रोम म्हणतात. जुन्या काळचा आजार म्हणून विसरला गेला होता, या गोळ्यांमुळे परत आला.

पाणीदार

पण अर्धा ग्लास, संघटनाच तर दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम द्या म्हणते ना?

अर्धा_ग्लास

म्हणते, जिथे आहारात कॅल्शियम कमी आहे तिथे, आणि प्रीएक्लॅम्प्सिया टाळायला. २०२४ मध्ये भारत आणि टांझानियातल्या प्रत्येकी ११ हजार स्त्रियांवरच्या चाचण्यांचे निकाल आले. प्रीएक्लॅम्प्सियासाठी रोजचे ५०० मिग्रॅ हे १५०० च्या तोडीस तोड निघाले, दोन्ही देशांत. मुदतपूर्व प्रसूतीबाबत भारतात तसंच, टांझानियात मात्र तसं ठामपणे म्हणता आलं नाही. म्हणजे जास्त मात्रा हीच नेहमी जास्त कामाची असं नाही, पण आपली मात्रा आपणच कमी करायची असाही याचा अर्थ नाही.

शून्य_पॉइंट_एक

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, निदान दोन तासांचं अंतर. आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर या दोन्हींपासून ती चार तास लांब. नाहीतर थायरॉक्सिन आतड्यातच अडकतं, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) चढतं, मात्रा वाढवली जाते, आणि दोष मात्र वेळापत्रकाचा असतो.

अवांतर: केसांच्या गोळ्या. त्यात बायोटिन ५ किंवा १० मिग्रॅ असतं, म्हणजे ५००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम. गरज ३० मायक्रोग्रॅम. बाळाला त्याने काही होतं असं दाखवता आलेलं नाही, पण प्रयोगशाळेत गोंधळ होतो. कित्येक यंत्रांवरच्या चाचण्या बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन (त्याला घट्ट पकडणारं प्रथिन) यांच्या चिकटण्यावर चालतात. नमुन्यातच बायोटिन भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त येतं. कागदावर हुबेहूब वाढलेला थायरॉइड! त्यात गरोदरपणाच्या सुरुवातीला टीएसएच थोडं उतरतंच, म्हणून खोटा रिपोर्ट अधिकच खरा वाटतो. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद करा आणि रक्त घेणाऱ्याला सांगा.

ढब्बू_पैसा

केस राहिले डोक्यावर, थायरॉइड गेला कागदावर. 😀

शून्य_पॉइंट_एक

थायरॉइड निघालाच आहे तर आयोडीनही सांगून टाकतो. गरोदरपणात रोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम लागतं आणि ५०० च्या वर गेल्याने काही जास्तीचा फायदा नाही, असं संघटनेचं मत. समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्यांत आयोडीन किती असेल याचा भरवसा नसतो, बाटलीगणिक बदलतं. आयोडीनचा लोंढा आला की थायरॉइड काही काळ काम थांबवते. मोठ्या माणसाची ग्रंथी त्यातून सावरते, गर्भाची मात्र जवळपास ३६ व्या आठवड्यापर्यंत सावरू शकत नाही. परिणाम म्हणजे जन्मतः मंद थायरॉइड, कधी गलगंड. आयोडीन घ्यायचंच असेल तर पोटॅशियम आयोडाइडच्या रूपातलं, मोजलेलं.

नवा_मोहरा

माझा प्रश्न फॉलिकबद्दल. एमटीएचएफआर जनुकात बदल असेल तर फॉलिक ॲसिड 'अडकून पडतं' आणि मिथाइलफोलेटच (फोलेटचं शरीराला थेट वापरता येणारं रूप) घ्यावं लागतं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग साधं फॉलिक घेत राहणं हेच 'अतिरिक्त' नाही का?

तिसरा_आठवडा

नाही. तो बदल असलेल्यांनाही साधं फॉलिक ॲसिड वापरता येतं, आणि मज्जानलिकेचे दोष टळतात हे ज्याच्यावर प्रत्यक्ष सिद्ध झालंय ते फॉलिक ॲसिडच. मिथाइलफोलेट विषारी वगैरे नाही, पण दोष टाळण्याचा पुरावा त्याच्या नावावर नाही.

फॉलिकची 'जास्त' वेगळ्या कारणाने मोजतात. गोळ्या आणि फॉलिक मिसळलेलं अन्न मिळून १००० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, कारण त्याच्या वर बी१२ ची कमतरता झाकली जाऊ शकते. रक्त सुधारतं, म्हणून कुणी शोध घेत नाही, आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. मांसाहार न करणाऱ्यांनी बी१२ तपासून घ्यावं ते यासाठीच.

आधीच्या बाळाला असा दोष असेल किंवा फिट्सची काही विशिष्ट औषधं चालू असतील तर मात्रा ४ ते ५ मिग्रॅ, म्हणजे दहापट. ही सरसकट सगळ्यांसाठी नाही. आणि इथे एक घातक पळवाट आहे: ४ मिग्रॅ पुरे करायला ४०० मायक्रोग्रॅमच्या मल्टीव्हिटॅमिनच्या दहा गोळ्या घेणं. फॉलिक जमेल, पण त्याबरोबर बेरीजवजाबाकींचे रेटिनॉलचे १५०० दहाने गुणले जातील. मोठी मात्रा नेहमी निव्वळ फॉलिकच्या गोळीतून.

अर्धा_ग्लास

पंधरा हजार मायक्रोग्रॅम. हे वाक्य धाग्याच्या माथ्यावर डकवा.

मोजून_मापून

प्रोटीन पावडर सगळ्यांनी सोडून दिली, म्हणून मी घेते. कुपोषित गरोदर स्त्रियांना 'उच्च प्रथिन' पूरक देऊ नका, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट शिफारस आहे. जिथे अन्न कमी पडतं तिथे ती 'संतुलित ऊर्जा-प्रथिन' सुचवते, म्हणजे एकूण ऊर्जेत प्रथिनांचा वाटा २५ टक्क्यांच्या आत. कारण उच्च प्रथिनांच्या चाचणीत बाळं मोठी होण्याऐवजी अपेक्षेपेक्षा लहान राहण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. व्यायामशाळेतल्या लोकांसाठी बनवलेली एका चमच्यात २५ ग्रॅमची पावडर ही गरोदरपणाची वस्तूच नाही. घटकांच्या यादीत 'प्रोप्रायटरी ब्लेंड', म्हणजे कंपनीचं स्वतःचं वनस्पती मिश्रण, असं काही लिहिलं असेल आणि आतल्या वनस्पतींची वेगळी मात्रा दिलेली नसेल तर तो डबा बेरजेत घेताच येत नाही. तो बाजूला.

बेरीजवजाबाकी, तुमच्या पावडरीचे ३०० कुठल्या रकान्यातले? डब्यावर बहुधा दोन रकाने असतात, दर १०० ग्रॅममागे आणि दर वाढणीमागे. चुकीच्या रकान्यातून आकडा उचलला तर बेरीज तिप्पट चुकते. आणि आतला चमचा सपाट धरलाय की शिगोशीग?

बेरीजवजाबाकी

वाढणीचाच धरलाय, ३० ग्रॅम, सपाट चमचा. १०० ग्रॅमला १००० होते.

जाऊ_द्या_ना

आता मीच विचारतो. इतकं वाचल्यावर प्रत्यक्ष करायचं काय? कागद-पेन्सिल घेऊन सगळं बंद करायचं का?

काउंटरपलीकडे

सगळं बंद नाही. सगळे डबे, बाटल्या, पाकिटं, चघळायच्या गोळ्यासुद्धा, एका पिशवीत घालून तपासणीला न्यायची. यादी नको, डबेच. यादीत लोक 'कॅल्शियम' लिहितात आणि त्यातलं डी राहून जातं. घरी बेरीज करायचीच तर चार रकाने पुरेत: रेटिनॉल, डी, आयोडीन, बी६. लोह आणि कॅल्शियमचं क्षार-मूलद्रव्य वेगळं लिहा. बाकी जस्त ४० मिग्रॅच्या आत आहे ना एवढं बघा, दीर्घकाळ जास्त झालं तर ते तांबं शोषू देत नाही. एका वेळी एकच मल्टीव्हिटॅमिन, आणि तेही गरोदरपणासाठीचं. चघळायच्या गमी स्वरूपातलं असेल तर त्यात बहुधा लोह नसतं, ते वेगळं घ्यावं लागेल.

बेरीजवजाबाकी

मग पुन्हा मांडतो. कॉड लिव्हर तेल गेलं, पावडर गेली, केसांच्या गोळ्या गेल्या. मल्टीव्हिटॅमिन बदलून ए बीटा कॅरोटीनच्या रूपात असलेलं. रेटिनॉल ३४५० वरून शून्य. डी १४००. आठवड्याची ६०,००० ची मात्रा असेल तर तिचा शेवटचा वार पाकिटावर लिहिलेला. लोह ६० सकाळी, कॅल्शियम ५०० दुपारच्या आणि ५०० रात्रीच्या जेवणाबरोबर. फॉलिक ४०० त्या मल्टीव्हिटॅमिनमध्येच आहे.

गंजका_खिळा

लोहाच्या गोळीतही फॉलिक असतं बरं का. पाठीमागे वाचा.

बेरीजवजाबाकी

वाचलं. ४०० होतं. आता ८००.

तिसरा_आठवडा

हजाराच्या आत. राहू द्या.